रोही (नीलगायी) आडवे येतात, पिकअपला जादा लाइट कोणते लावू?

केळीवाला_अडावद

राम राम मंडळी.

माझी गाडी दीड टनी पिकअप. बारा व्होल्ट, पुढे हॅलोजनचे साधे एच-फोर बल्ब. अडावद, धानोरा, किनगाव पट्ट्यातल्या बागांमधून केळी भरतो आणि रात्री सावद्याला, रावेरला, कधी थेट बुऱ्हाणपूरला पोचवतो. कापणी दुपारपर्यंत चालते, घड बांधावर आणून गाडीत रचेपर्यंत दिवेलागण होते, मग काटा, हिशेब, जेवण. निघायला रात्रीचे दहा-अकरा वाजतातच. सोळा वर्षं हाच रस्ता चालवतोय. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी, कपाशी, मका, हरभरा.

मागच्या महिन्यात माझ्या गाडीने रोही मेला.

रात्रीचे अडीच वाजले असतील. किनगाव मागे पडलं होतं, साकळी यायची होती. गाडी भरलेली, वेग साठच्या आसपास. समोरून ट्रक आला म्हणून डिपर केला होता. तो गेला, आता वरचा लाइट मारणार तेवढ्यात डावीकडे केळीच्या बागेपाशी तो दिसला. मोठा नर, काळपट निळा. तो तिथे आधीपासूनच उभा असणार, मला दिसला तेव्हा दहा पावलं राहिली होती. ब्रेक लागायच्या आत धडक बसली. रेडिएटर फुटला, डावा हेडलाइट गेला, काच तडकून आत आली. सोबत माझा भाचा होता, एकोणीस वर्षांचा. त्याच्या कपाळाला सात टाके पडले.

रोही कडेला पडून उठायची धडपड करत होता, मागचे पाय उचलत नव्हते. अर्ध्या तासाने शांत झाला. भाच्याला मागून आलेल्या गाडीत बसवून यावलला पाठवलं आणि मी तिथेच बसून राहिलो. रोहीच्या तोंडात हरभऱ्याचा टहाळ तसाच होता. घरात लहानपणापासून गुरं आहेत, जनावर मरताना पाहिलंय, पण हे अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

बहिणीला मी शब्द दिलाय की लाइटचं नीट काम केल्याशिवाय पोराला रात्री गाडीवर घेणार नाही.

जळगावला दोन-तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो टपावर पन्नास इंची एलईडी बार घाला. दुसरा म्हणतो बंपरवर दोन गोल, लांब मारणारे. तिसऱ्याने पिवळे फॉगलाइट पुढे केले. सगळे वॅट सांगतात, तीनशे वॅट, साडेचारशे वॅट. बागेच्या कडेला उभं असलेलं जनावर त्यात किती आधी दिसेल, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे बागा डांबराला लागून आहेत. पानांची भिंतच असते दोन्हीकडे, लाइट त्या भिंतीवर अडतो. जनावर भिंतीतून निघतं ते थेट साइडपट्टीवर.

बजेट आठ हजार. ज्यांनी स्वतः लावून, चालवून पाहिलंय त्यांनी सांगा.

बार_लावला_भुसावळ

भो, टपावर पन्नास इंची बार टाक. माझ्या गाडीला आहे. रस्ता दिवसासारखा दिसतो. दुसरं काही बघू नको.

दहाचाकी_धुळे

भाऊ, आधी भाच्याची तब्येत सांग. टाके निघाले का? मना भाऊनी गाडीले बी असंच व्हयनं, शिरपूरना पुढे, म्हणून तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

बावीस वर्षं गाडी चालवतोय. धुळे-इंदूर, धुळे-नागपूर. टपावर बार मीही लावला होता, दोन वर्षं वापरला आणि काढला. का काढला ते नीट सांगतो, कारण वरच्या भावाने जे लिहिलंय ते मलाही पहिल्या रात्री तसंच वाटलं होतं.

बारचा उजेड गाडीच्या नाकासमोर पडतो. पहिले वीस-तीस मीटर पांढरेफटक होतात. डोळा त्या उजेडाला बसतो आणि त्याच्या पुढचं सगळं काळं होऊन जातं. उजेड भरपूर आहे म्हणून आपण वेग वाढवतो आणि दिसतं मात्र कमी लांबचं. शिवाय तुझ्या पिकअपला पुढे बॉनेट आहे. टपावरचा उजेड बॉनेटवर पडून परत तुझ्याच डोळ्यांत येईल. काचेवर धूळ असेल तर विचारू नको. आणि माघातल्या पहाटे तापीच्या पुलावर धुकं असतं तेव्हा टपावरचा लाइट म्हणजे समोर पांढरी चादर.

पण मी काढला तो या कारणाने नाही. एका रात्री पारोळ्याच्या अलीकडे बार बंद करायचा राहिला. हेडलाइटचा डिपर मी केला होता, बारचं बटण वेगळं होतं. समोरून मोटारसायकल येत होती, नवरा-बायको आणि मधे लहान मूल. त्याला काही दिसेना, तो कडेला मुरमात उतरला आणि घसरला. कुणाला लागलं नाही. त्या बाईने मुलाला पोटाशी धरलं होतं ते मला आजही दिसतं. धुळ्याला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बार उतरवला.

आता तुझं. नवा लाइट घ्यायच्या आधी आहे तो लाइट बघ. तू लिहिलंस की गाडी भरलेली होती. मागे दीड टन केळी बसली की पाटे दबतात आणि गाडीचं नाक वर होतं. रिकाम्या गाडीवर बसवलेला लाइट भरल्यावर आभाळात जातो. समोरचे तुला शिव्या देतात आणि तुला रस्ता दिसत नाही. नाक एक अंश जरी वर गेलं तरी पन्नास मीटरवर उजेड जवळजवळ दोन हात, ८७ सेंटीमीटर, वर सरकतो.

गाडी भर, टायरची हवा बरोबर कर, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी कर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मार. खालच्या लाइटची वरची कड त्या खुणेच्या दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली आली पाहिजे. हे भरलेल्या गाडीवरच कर. बऱ्याच गाड्यांना डॅशबोर्डवर लाइट वर-खाली करायचं चाक असतं, ते चालू आहे का बघ. माझ्या ओळखीत दहापैकी आठ जणांना ते कशाला असतं हेच ठाऊक नाही.

एक अजून. रोही आडवा आला तर सरळ ब्रेक मार, स्टेअरिंग तोडू नको. केळी भरलेली पिकअप वरून जड असते, कट मारलास तर पलटी खाशील. रोही वाचेल, भाचा जाईल.

वायरमन_अमळनेर

गाड्यांची वायरिंग करतो, दुकान अमळनेरला. दहाचाकी दादांनी अँगलचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. मी त्यापुढचं सांगतो, जरा लांबेल.

पहिलं काम: मल्टिमीटर घ्या, इंजिन चालू करा, लाइट लावा. बॅटरीवर व्होल्ट बघा आणि मग हेडलाइटच्या होल्डरवर बघा. जुन्या पिकअपमध्ये बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२ अशी गत मी रोज बघतो. दोन व्होल्ट वाटेत जिरतात: बारीक वायर, काळं पडलेलं स्विच, गंजलेली अर्थिंग. दोन व्होल्टने काय होतं असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, धाडकन पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. दोन व्होल्ट गेले की चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड गेला. म्हणजे साठ वॅटचा बल्ब लावून तुम्ही अर्ध्या उजेडात गाडी चालवताय आणि दुकानदार तुम्हाला तीनशे वॅटचा बार विकतोय.

उपाय स्वस्त आहे. हेडलाइटला रिले टाका, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर बॅटरीचा मोठा करंट थेट बल्बला सोडणारी छोटी डबी. बॅटरीवरून फ्यूज, फ्यूजमधून अडीच स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थ, ८६ ला जुन्या स्विचची वायर. खालच्या लाइटला एक रिले, वरच्याला एक. अर्थिंग चासीला घासून, रंग काढून, घट्ट. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा, होत नसेल तर बदला. एवढ्यानेच तुम्हाला गाडी नवी वाटेल. जास्त वॅटचा बल्ब मात्र टाकू नका, होल्डर वितळतो.

आता जादा लाइट. इथे माझं मत दुकानदारांपेक्षा वेगळं आहे, म्हणून हिशेब मांडतो.

ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळपास सतरा मीटर. जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, पंचवीस मीटर गेले. भरलेली गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून सत्तावीस-अठ्ठावीस मीटर घेते. म्हणजे साठच्या वेगाला पन्नास-पंचावन्न मीटर हवेत. ऐंशीला ऐंशीच्या वर. पन्नासला चाळीस. खालचा लाइट चांगला असेल तर चाळीस-पन्नास मीटर दाखवतो, तुमचा तर त्याहून कमीच दाखवत असणार. केळीवाले दादा, त्या रात्री डिपरवर असताना तुम्हाला थांबायला जागाच नव्हती. तुमची नजर चुकली असं मनाला लावून घेऊ नका.

म्हणजे लागणारं अंतर पन्नास ते शंभर मीटर आहे. पाचशे मीटर मारणारा स्पॉट तुमच्या कामाचा नाही. आता बाजूचं बघा. रोही पन्नास मीटर पुढे आहे आणि तुमच्या सरळ रेषेपासून दहा मीटर डावीकडे, शेतात उभा आहे. तो कोन किती होतो? अकरा अंश फक्त. लांब मारणाऱ्या स्पॉटचा झोत सगळा मिळून आठ-दहा अंशांचा असतो, मधल्या रेषेपासून एका बाजूला चार-पाच. म्हणजे रोही झोताच्या बाहेर. उलट काही जण बॉनेटच्या कोपऱ्यात छोटे दिवे लावून तीस-चाळीस अंश बाहेर वळवतात. तो उजेड साइडपट्टीच्या पलीकडे दहा-बारा मीटरवर पडतो, घाटाच्या वळणाला किंवा शेतरस्त्याला छान, पण साठच्या वेगाला तिथे जनावर दिसलं तरी तुम्ही त्याच्यावर पोचलेले असता.

तुम्हाला हवा तो मधला: पसरट झोताचा ड्रायव्हिंग लाइट. मध्यापासून दोन्हीकडे पंधरा-वीस अंश, उभ्या दिशेने चपटा. बंपरच्या उंचीवर दोन. उजवा सरळ ठेवा. डावा सात-आठ अंश बाहेर वळवा, कारण आपण डावीकडून चालतो, डावीकडच्या जनावराला तुमच्यासमोर यायला एक उडी पुरते. उजवीकडच्याला अख्खा रस्ता ओलांडावा लागतो. उजवा बाहेर वळवलात तर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

जोडणी अशी करा की हे दिवे वरच्या लाइटसोबतच लागतील आणि डिपर मारला की आपोआप विझतील. म्हणजे यांच्या रिलेच्या ८६ पिनला वरच्या लाइटची वायर. वेगळं बटण द्यायचं तर ते फक्त बंद करण्यासाठी, डिपर असताना चालू करण्यासाठी नाही. दादांच्या मोटारसायकलवाल्याचं जे झालं ते या एका वायरने टळतं.

वॅटचा आकडा खोक्यावर वाचू नका. दुकानात बॅटरीला जोडून अँपिअर बघा. बारा व्होल्टला तीन अँपिअर घेतो तो छत्तीस वॅटचा दिवा, मग स्टिकरवर काहीही असू द्या. एलईडी घ्या, पण मागे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असलेला, पाणी-धूळ न शिरणारा, आयपी ६७ लिहिलेला, काचेवर मंजुरीचा ई-मार्क असलेला. रंग निळसर पांढरा नको. धुळीत आणि धुक्यात तो जास्त पसरतो आणि डोळे शिणतात. ४३०० ते ५००० केल्व्हिन बघा. पिवळे फॉगलाइट वाईट नाहीत, पण ते खाली आणि जवळ मारतात. धुक्यात साइडपट्टी धरायला उपयोगी, रोही शोधायला नाही.

कायदाही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १११ वा नियम पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायला मनाई करतो, खास परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी असेल तरच सूट. १०६ वा नियम समोरच्याचे डोळे दिपू नयेत याबद्दल आहे. टपावरचा बार कुठेही अडवतील. बंपरच्या दिव्यांचंही पासिंगला जाण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

वनरक्षक_सातपुडा

मी यावल भागात वनरक्षक आहे. केळीवाले दादा, तुम्ही त्याच्याजवळ बसून राहिलात हे वाचून बरं वाटलं. बहुतेक जण पळून जातात, आणि काही जण तर कोयता घेऊन परत येतात.

लाइटचं वायरमन दादांनी सांगितलं. मी जनावराचं सांगते, कारण लाइट कितीही घेतला तरी त्यात काय शोधायचं हे कळलं पाहिजे.

रात्री अख्खा रोही कधी दिसत नाही, आधी डोळे दिसतात. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो, तुमचा उजेड त्यावरून परत तुमच्याकडे येतो. पण तो तुमच्याकडे बघत असेल तरच. मान खाली घालून चरत असेल किंवा पाठमोरा असेल तर काही चमकत नाही. नर काळपट राखाडी, अंधारात विरघळतो. माद्या आणि पिल्लं वाळल्या गवताच्या रंगाची, कापणी झालेल्या मक्यात दिसत नाहीत. म्हणून फक्त चमक शोधू नका, पायांकडे बघा. घोट्याशी पांढरे पट्टे असतात, अंधारात ते आधी उठून दिसतात. आणि रानडुकराच्या डोळ्यात तो थरच नसतो. डुक्कर चमकत नाही, ते जमिनीला लागून काळं ढेकूळ हलल्यासारखं दिसतं.

लाइट पाहून जनावर पळेल असं समजू नका. शिकारी बॅटरी मारूनच त्याला जागेवर खिळवतात. भगभगीत झोतात त्याला कुठे जावं हे कळत नाही, ते थबकतं किंवा उजेडातच उडी घेतं. रस्त्यावर उभं दिसलं तर वेग पार कमी करा, वरचा लाइट खाली घ्या, थोडा हॉर्न द्या आणि त्याला जायला वेळ द्या. टपावर मोठा लाइट लावून जंगलाकडेच्या रस्त्याला फिरणारी गाडी आमच्या माणसांनी अडवून तपासली तर राग मानू नका, त्याचं कारण हेच आहे.

एक रोही गेला म्हणजे झालं असं नसतं. कळप असतो, मागून दुसरा येतो, पिल्लू सर्वांत शेवटी येतं. रोहीला बऱ्याचदा जुळी होतात, म्हणून एक पिल्लू गेलं तर दुसऱ्याची वाट बघा. थंडीत माजाचा जोर असतो, नर एकमेकांच्या मागे धावतात तेव्हा रस्ता, गाडी काही बघत नाहीत.

तुम्ही सोळा वर्षं एकच रस्ता चालवताय, ही तुमची सर्वांत मोठी ताकद आहे. रोही वाटेल तिथून ओलांडत नाही. सातपुड्यातून उतरणारे नाले तापीकडे जातात, त्यांच्या काठाने ये-जा असते. रस्ता जिथे नाल्यावरून जातो, ती मोरी ध्यानात ठेवा. दिवसा एकदा सावकाश जा. रोही ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, कडेला मोठा ढीग दिसला की समजा ती त्यांची रोजची वाट आहे. हरभरा आणि कोवळा मका कुठे आहे ते शेतकऱ्यांना विचारा. बाग नवी लागली की वाट बदलते, म्हणून मृगबाग, कांदेबाग (केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडी) लागताना पुन्हा बघा.

आणि पुन्हा कधी असं झालं तर (होऊ नये) १९२६ वर फोन करा, वनविभागाचा टोल-फ्री नंबर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३९ प्रमाणे चुकून मेलेला वन्यप्राणीही शासनाची मालमत्ता असतो आणि ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. कळवणाऱ्याने घाबरू नये. जखमी जनावराच्या जवळ मात्र बसू नका दादा. रोहीची लाथ आणि शिंग दोन्ही जीव घेतात, नर दोनशे किलोच्या वर भरतो.

बार_लावला_भुसावळ

ताई, मला हे डोळ्यांचं आणि थबकण्याचं माहीत नव्हतं. माझा बारही वेगळ्या बटणावर आहे. बघतो.

केळीवाला_अडावद

सगळ्यांचे आभार. भाच्याचे टाके निघाले, बारीक खूण राहील. ताई, मी त्या रात्री सकाळपर्यंत थांबून पोलीस ठाण्यात सांगितलं होतं, १९२६ माहीत नव्हता. आता भाच्याने मोबाइलमध्ये टाकलाय.

चार आठवडे झाले, काय काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा मीटर लावला. बॅटरीवर १४.१, उजव्या होल्डरवर १२. नव्या डाव्या हेडलाइटलाही तेवढेच. वायरमन दादा, तुम्ही घरी बसून माझ्या गाडीचं बरोबर सांगितलं. रिले आणि वायर गावातल्या पोराकडून टाकून घेतली, तुमचा मजकूर त्याला वाचून दाखवला. आता १३.६ येतात.

मग गाडी भरली, केळी नव्हती म्हणून वाळूची पोती टाकली. जिनिंगच्या भिंतीसमोर उभी केली. खालच्या लाइटची कड खुणेच्या वर होती! खाली दहा सेंटीमीटर पाहिजे, माझी वर चार. किती वर्षं असं चालवलं असेन, समोरून येणाऱ्या किती जणांना त्रास दिला असेल. मला दिसत नव्हतं ते वेगळंच. डॅशबोर्डवरचं चाक जाम होतं, तेल घालून मोकळं केलं. आता भरलेली असली की दोनवर, रिकामी की शून्यावर.

लाइट घ्यायच्या आधी आम्ही एक गोष्ट केली, ती इतरांनीही करावी. भावाच्या शेतातला कच्चा रस्ता सरळ आहे, एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला पडीक. बांबूला काळपट घोंगडी बांधली, रोहीच्या खांद्याएवढी, साडेचार फूट. भाचा ती घेऊन अंधारात चालत गेला, रस्त्यापासून दहा पावलं आत, आणि मी गाडीत बसून दिसते का ते फोनवर सांगत राहिलो. जुन्या वायरिंगवर खालच्या लाइटला घोंगडी पंचवीस मीटरलाच दिसेनाशी झाली होती. रिले आणि अँगल केल्यावर बेचाळीस मीटरपर्यंत दिसली. वरच्या लाइटला रस्त्यावर उभी केली तर नव्वद, पण दहा पावलं आत नेली की साठलाच गायब. तुम्ही सांगितलेला अकरा अंशांचा हिशेब मला तेव्हा डोळ्यांनी कळला.

मग दोन पसरट एलईडी घेतले. दुकानदार म्हणाला प्रत्येकी ६० वॅट, मीटरवर २.८ अँपिअर आले, म्हणजे चौतीसच्या जवळ. तरी घेतले, कारण झोत चपटा आहे आणि बॉडी जड आहे. बंपरवर बसवले, डावा थोडा बाहेर, वरच्या लाइटच्या वायरवर. पुन्हा घोंगडी. आत दहा पावलांवर ८५ मीटर. बागेच्या कडेचा खोडांमधला अंधारसुद्धा दोन-तीन ओळी आतपर्यंत उघडतो, आधी फक्त पहिली पानं दिसायची. ब्रॅकेट, रिले, वायर, मजुरी धरून एकूण ६,३५० रुपये. आरटीओत विचारलं, त्यांनी डिपरला विझतात का ते दाखवायला सांगितलं आणि पासिंगच्या वेळी गाडी पुन्हा आणायला सांगितली.

एक अडचण आहे. कच्च्या रस्त्यावर डाव्या दिव्याचं ब्रॅकेट थरथरतं आणि झोत नाचतो. वायरमन दादा, तीन एमएमची पट्टी आहे, पाच एमएमची करू की मागून आधार देऊ?

समोरून गाड्या असतात तेव्हा डिपरवर मी आता पंचेचाळीसच्या वर जात नाही. पोचायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. व्यापाऱ्याला सांगून टाकलं.

ताईंनी सांगितलं तसं एका रविवारी दिवसा भाच्याला घेऊन मोटारसायकलने धानोरा ते साकळी हळूहळू गेलो. लेंड्यांचे ढीग तीन ठिकाणी सापडले. त्यातला एक, माझा रोही जिथे मेला तिथून शंभर पावलांवर, मोरीच्या अंगाला. सोळा वर्षं त्या मोरीवरून गेलो. तिन्ही ठिकाणी मी आधी चाळीसवर येतो.

परवा रात्री सव्वाबाराला त्यातल्याच एका मोरीच्या अलीकडे डावीकडे पांढरे पट्टे दिसले. डोळे नंतर चमकले. गाडी थांबवली, लाइट खाली घेतला, मागून येणाऱ्याला इंडिकेटर दिले. मादी निघाली, मग दुसरी, मग एक पिल्लू. मी गिअर टाकत होतो, तर भाच्याने हातावर हात ठेवला. म्हणाला, मामा, थांबा, ताई म्हणाल्या होत्या दुसरं पिल्लू असतं. मिनिटभर काहीच नाही. मग ते आलं, मधे उभं राहून आमच्याकडे बघितलं आणि मक्यात गेलं.